झेलमकांठची शाळा

पाण्यांत पडल्याशिवाय पोहतां येत नाहीं, हें नदीकांठच्या गांवांतील लहान पोरालाहि ठाऊक असतें. धैर्य मात्र कोरड्या जागीं बसून शिकवितां येतें, असा शाळांचा फार दिवसांचा समज आहे. क्रमिक पुस्तकांतून शूरांच्या कथा वाचावयाच्या, ‘धैर्याचें महत्त्व’ या विषयावर चाळीस ओळींचा निबंध लिहावयाचा, आणि मधल्या सुटींत कोणी पोर आंब्याच्या झाडावर चढलें तर त्याचा कान धरून त्याला खालीं आणावयाचें, असा हा व्यवहार चालत आला आहे. त्याचा परिणामहि ठरलेला असतो. निबंधांत उत्तम गुण मिळविलेला मुलगा विहिरीच्या कांठावर उभा राहिला कीं त्याचे पाय लटपटतात. आणि विहिरींत कोणी पडलें तर तो ओरडण्यापलीकडे कांहीं करूं शकत नाहीं.

ही विसंगति ओळखून तिचा निकाल लावण्याचा निश्चय ज्या थोड्या शाळांनीं केला, त्यांपैकीं एक काश्मीरांत, श्रीनगर शहरीं, झेलमच्या कांठीं होती. तिचा इतिहास केवळ स्तुतीचा नाहीं. त्यांत हट्ट आहे, बळजोरी आहे, परक्या मिशनऱ्याचा अहंकार आहे. परंतु साहस मुलांच्या अंगीं कसें येतें, आणि कशानें येत नाहीं, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्या एकाच इतिहासांत सांपडतात, म्हणून तो पालकांनीं व शिक्षकांनीं मुळांतून समजून घेण्यासारखा आहे.

श्रीनगर हें पाण्यावरचें शहर आहे. झेलम नदी, जिला प्राचीन ग्रंथांत वितस्ता म्हटलें आहे, शहराच्या मध्यांतून वळणें घेत जाते. जुन्या शहराचे दोन्ही भाग सात पुलांनीं जोडलेले होते. नदीच्या दोन्ही तीरांवर लांकडी घरांची दाटी होती. कालवे गल्ल्यांसारखे आणि नावा गाड्यांसारख्या वापरल्या जात. शहराच्या एका अंगाला दल सरोवर पसरलेलें. अशा ठिकाणीं प्रत्येक मुलाला पोहतां येत असेल असें कोणालाहि वाटेल. प्रत्यक्षांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील सुशिक्षित घराण्यांतील मुलें पाण्यांत उतरत नसत. पोहणें व नांव वल्हविणें हीं ‘हांजी’ म्हणजे नावाडी लोकांचीं कामें. आणि दंडावर स्नायू दिसणें ही हमालाची खूण, असा समज होता. नदींत माणसें बुडत, आणि कांठावरील लोक हळहळत उभे रहात.

या शहरांत चर्च मिशनरी सोसायटीनें १८८० च्या सुमारास मुलांची एक शाळा सुरू केली. काश्मीरी म्हणींचे व लोककथांचे संग्रह करून कीर्ति मिळविलेले रेव्हरंड हिंटन नोल्स हे तिचे चालक असतांना, १८९० सालच्या अखेरीस, त्यांच्या मदतीला एक सत्तावीस वर्षांचा तरुण इंग्रज येऊन दाखल झाला. त्याचें नांव सेसिल अर्ल टिंडल-बिस्को. जन्म १८६३ चा, शिक्षण केंब्रिज येथें, शरीरानें ठेंगणा. या ठेंगणेपणाचाच त्याला उपयोग झाला होता. १८८४ सालच्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतींत केंब्रिजच्या विजयी नौकेचें सुकाणू त्याच्या हातीं होतें. विद्वत्तेची ख्याति कांहींच नव्हती. पाण्याचें प्रेम आणि विलक्षण हट्टी स्वभाव एवढें भांडवल घेऊन बिस्को श्रीनगरला आले, आणि पुढें १९४७ पर्यंत, म्हणजे आयुष्याचीं सुमारें सत्तावन्न वर्षें, तेथेंच राहिले.

शाळेंत बसलेले विद्यार्थी बहुतेक काश्मीरी पंडितांच्या घरचे होते. कांहीं लहान, तर कांहीं दाढीमिशा फुटलेले व विवाहित. अंगांत पायघोळ फिरन, त्याच्या आंत उबेसाठीं धरलेली निखाऱ्यांची कांगडी, पायांत लांकडी खडावा, आणि पुढ्यांत पुस्तक. पाठांतरांत हीं मुलें अत्यंत तरबेज होतीं. इंग्रजी शिकून परीक्षा द्यावी आणि दरबारची नोकरी मिळवावी हा त्यांचा हेतु होता, आणि त्यांत गैर कांहींच नव्हतें. परंतु बिस्कोंना हें चित्र पाहून धक्का बसला. ज्यांना उद्यां शहराचा कारभार पहावयाचा, त्यांना धांवतां येत नाहीं, पोहतां येत नाहीं, आणि शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर घागरभर पाणी घेऊन जाण्याचें मनांत येत नाहीं, तर मग ही विद्या कोणाच्या कामाची, असा त्यांचा प्रश्न होता.

त्यांनीं पहिला प्रयोग केला तो १८९१ सालीं, फुटबॉलचा. तो चेंडू वर्गांत दाखविल्यावर झालेली प्रश्नोत्तरें त्या शाळेच्या आख्यायिकांत फार प्रसिद्ध आहेत. हें काय आहे, असें मुलांनीं विचारलें. खेळण्याचा चेंडू, असें उत्तर मिळालें. खेळल्याबद्दल कांहीं पैसे मिळतील काय, असा पुढचा प्रश्न आला. पैसे मिळणार नाहींत म्हटल्यावर मुलांनीं खेळण्यास नकार दिला. मग चेंडू कशाचा आहे तें निघालें. आणि तो चामड्याचा आहे असें कळतांच तो अपवित्र पदार्थ आमच्या जवळ आणूं नका, असें सर्वांनीं एकमुखानें सांगितलें. बिस्कोंनीं माघार घेतली नाहीं. शिक्षकांच्या हातीं काठ्या देऊन त्यांनीं मुलांना मेंढरांसारखें मैदानावर नेलें. भोंवतीं शहरांतील बघ्यांची गर्दी जमली. खेळ कसाबसा सुरू झाला, आणि थोड्याच वेळांत चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला. चामड्याचा स्पर्श ओठांना झाला, आपण बाटलों, आतां घरीं कसें जावें, म्हणून तो मुलगा रडूं लागला; खेळ थांबला; सोबती हवालदिल झाले. बिस्कोंनीं त्याला जवळच्या कालव्यावर नेऊन धुवून आणण्यास सांगितलें आणि खेळ पुढें चालविला.

ही गोष्ट ऐकून हंसूं येतें. पण तिच्यांत हंसण्यापेक्षां विचार करण्याजोगें अधिक आहे. त्या मुलाला भीति कशाची वाटली? चेंडूचा मार लागला म्हणून तो रडला नाहीं. संध्याकाळीं घरीं गेल्यावर आजी स्वयंपाकघरांत घेईल कीं नाहीं, आळींत काय बोललें जाईल, ही त्याची भीति होती. मोठीं माणसें साहसाचा विचार करतांना बहुधा हातपाय मोडण्याचा विचार करतात. मुलाला मात्र आपल्या माणसांत हंसें होणें, चारचौघांत वेगळें पडणें, हेंच सर्वांत मोठें संकट वाटतें. हात मोडलेला मुलगा महिन्याभरांत पुन्हा झाडावर चढतो. परंतु वर्गासमोर एकदां फजीत झालेला मुलगा वर्षानुवर्षें प्रश्न विचारीत नाहीं. मैदानावरील त्या दिवशीं बिस्कोंना हें पुरतें उमगलें होतें असें दिसत नाहीं.

काश्मीरी समाजाच्या या सावधपणाला इतिहासहि होता. १५८६ त मोगल, अठराव्या शतकाच्या मध्यास अफगाण, १८१९ त शीख, आणि १८४६ पासून जम्मूचे डोग्रा राजे, अशा एकामागून एक बाहेरच्या सत्ता त्या खोऱ्यावर आल्या. खेडुतांना बेगारीला धरून ओझ्याखालीं डोंगरावर हांकीत. गिलगिटच्या वाटेवर कित्येक बेगारी परत आले नाहींत. ज्या समाजाला लेखणीच्या जोरावर आणि डोकें खालीं घालूनच जगतां आलें, त्यानें मुलांना ‘पुढें होऊं नको, हात घालूं नको’ असें शिकविलें, तर तो भ्याडपणा नव्हे. ती अनुभवानें आलेली शहाणीव होती. बिस्कोंनीं आपल्या पुस्तकांतून काश्मीरी लोकांविषयीं अनेक ठिकाणीं तुच्छतेनें लिहिलें आहे. राज्यकर्त्या जातीच्या माणसाला धोका पत्करणें स्वस्त पडतें, कारण पडला तर त्याला उचलणारे पुष्कळ असतात, हें त्यांच्या ध्यानीं आलें नाहीं. हा त्यांच्या कार्यांतील मोठा दोष होय, आणि तो झांकण्याचें कारण नाहीं.

असें असतांहि पुढील काळांत त्या शाळेंत जें घडलें तें केवळ काठीच्या बळावर घडणें शक्य नव्हतें. काठीनें मुलगा मैदानापर्यंत नेतां येतो. बुडणाऱ्या माणसामागें नदींत उडी टाकण्यास त्याला काठीनें भाग पाडतां येत नाहीं. हा बदल कसा झाला हें पाहणें महत्त्वाचें आहे.

पहिलें कारण शिक्षक. बिस्कोंनीं नावा आणविल्या, तेव्हां कुलीन घरचा कोणीहि मुलगा वल्ह्याला हात लावीना. नावाड्याचें काम करतांना ओळखीच्या कोणीं पाहिलें तर घराण्याची अब्रू गेली, अशी ती वेळ होती. अशा वेळीं बिस्को स्वतः नावेंत बसले, आणि त्यांच्या मागोमाग शाळेंतील काश्मीरी शिक्षक बसले. पंडित शंकर कौल यांच्यासारखे मुख्याध्यापक त्या शाळेला लाभले होते. या शिक्षकांचें साहस बिस्कोंच्या साहसाहून पुष्कळ मोठें होतें, असें म्हटलें पाहिजे. साहेब संध्याकाळीं आपल्या बंगल्यांत जात. पंडित शिक्षकाला त्याच आळींत, त्याच नातलगांत, त्याच सोयऱ्याधायऱ्यांत परत जावयाचें होतें. टोमणे, निंदा, पंक्तींतून उठविण्याची धमकी, हें सर्व त्यांनीं सोसलें. आपले मास्तर, आपल्याच जातीचे, वल्हें मारूनहि ताठ मानेनें रस्त्यानें जातात, हें मुलांनीं रोज पाहिलें, तेव्हां त्यांची भीति ओसरूं लागली. पुढें याच शाळेंतून शिकून निघालेल्यांपैकीं कित्येक तेथेंच शिक्षक झाले, आणि लहान मुलांना पाण्यांत उतरविण्याचें काम त्यांच्याकडे आलें.

दुसरें कारण म्हणजे पायऱ्या. पोहण्याच्या बाबतींत शाळेचा नियम कडक होता. ठराविक वयापर्यंत जो पोहण्याच्या परीक्षेंत उतरत नसे, त्याची फी वाढविली जाई, आणि उशीर होईल तसतशी ती अधिक वाढे. बापांना हा हिशेब फार लवकर समजला, आणि मुलाला पाण्यापासून दूर ठेवणारे वडीलच त्याला पाण्याकडे धाडूं लागले. परंतु मुलाला एकदम खोल धारेंत ढकलून देणें म्हणजे शिक्षण नव्हे. आधीं उथळ पाणी, मग नदी, मग दल सरोवर. पुढें नावेचें शिक्षण. आणि त्यानंतर खूण होतांच आपलीच नांव मुद्दाम पाण्यांत बुडवून तिच्यासह सुखरूप तीराला यावयाचें, असा हा क्रम होता. शाळेच्या नौकाशर्यतींच्या दिवशीं नावा बुडविण्याचा हा प्रकार पहाण्यास कांठावर गर्दी लोटे. हा तमाशा वाटला तरी निरर्थक नव्हता. नांव उलटणें हें नदीवरचें सर्वांत मोठें भय. तें भय ज्यानें हंसत-खेळत, सोबत्यांच्या संगतींत, शिक्षकांच्या देखत दहा वेळां अनुभविलें आहे, तो खरोखर नांव उलटेल त्या दिवशीं गांगरून जात नाहीं. आपल्याकडे ‘पडे झडे माल वाढे’ अशी म्हण आहे. परंतु पडावयाचें कोठें व कोणाच्या नजरेखालीं, हें ठरविणें वडील माणसांचें काम आहे.

डोंगर चढण्याचीहि त्या शाळेंत अशीच प्रथा पडली. श्रीनगरच्या ईशान्येस महादेव नांवाचें शिखर आहे. तेथपर्यंत शिक्षक व विद्यार्थी मिळून जात. ज्या मुलांनीं कांगडी सोडून हिंवाळ्यांत घराबाहेर पाऊल टाकलें नव्हतें, त्यांनीं एकमेकांच्या हातांत हात देऊन बर्फावरून चालावें, ही गोष्ट शहराला नवीन होती. पुढें मिशनच्या मुलींच्या शाळेंतहि हें वारें शिरलें. १९२२ नंतर मिस् म्यूरिएल मॅलिन्सन यांच्या काळीं त्या शाळेच्या मुली पोहूं लागल्या. पडद्यांत वाढलेल्या मुलींनीं पाण्यांत उतरणें हें मुलांच्या फुटबॉलपेक्षां किती अवघड असेल, याची कल्पना करतां येईल.

तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें कारण म्हणजे या साहसाला मिळालेलें काम. पोहतां येऊं लागलें तरी शर्यती जिंकणें हें शाळेनें अंतिम ध्येय मानलें नाहीं. श्रीनगरचीं घरें लांकडी असल्यामुळें आगी वारंवार लागत आणि एका घराची आग साऱ्या मोहल्ल्याला गिळी. शाळेचे विद्यार्थी हातपंप व घागरी घेऊन आगीवर जाऊं लागले. नदीला पूर आला कीं, गच्चीवर अडकलेल्या कुटुंबांना उतरविण्यास शाळेच्या नावा जात. १८९३ व १९०३ चे महापूर काश्मीरच्या इतिहासांत प्रसिद्ध आहेत. पटकीची सांथ आली तेव्हां शिक्षक व मुलें खोरीं-फावडीं घेऊन गल्ल्यांतील व अंगणांतील घाण उपसण्यास निघालीं. ज्यांनीं फुटबॉलच्या चामड्याला हात लावला नव्हता, त्याच वर्गांतील मुलांनीं मोरीचा चिखल उपसला. डॉ. आर्थर नेव्ह व डॉ. अर्नेस्ट नेव्ह हे बंधु शंकराचार्यांच्या टेकडीजवळ मिशनचें रुग्णालय चालवीत. तेथील बरे होत असलेले रोगी, ज्यांत गरीब मुसलमान शेतकरी पुष्कळ असत, त्यांना शाळेचे विद्यार्थी आपल्या नावेंत बसवून दल सरोवरावर हवा खाण्यास नेत. ब्राह्मणाचा मुलगा वल्हीं मारतो आहे आणि आजारी खेडूत गादीवर टेकून बसला आहे, हें दृश्य झेलमच्या कांठानें पूर्वीं पाहिलें नव्हतें. ओझ्याखालीं वाकलेलीं गाढवें व तट्टें यांना सोडविण्याचें कामहि मुलांनीं अंगावर घेतलें होतें.

येथें त्या शाळेच्या सामुदायिक जीवनाचें मर्म आहे. धोका हा स्वतःसाठीं पत्करला तर ती बढाई होते. दुसऱ्यानें हुकूम केला म्हणून पत्करला तर ती गुलामगिरी होते. कोणाला तरी वांचवावयाचें आहे म्हणून, आणि आपण एकटे नाहीं अशा विश्वासानें तो पत्करला, तर त्यालाच धैर्य म्हणतात. आगीच्या जागीं मुलगा एकटा उभा रहात नसे; घागरींची सांखळी असे, तिच्यांत त्याच्या डाव्या हाताला वर्गबंधु आणि उजव्या हाताला शिक्षक असे. ‘लोक काय म्हणतील’ या भयावर ‘आपलीं माणसें आपल्याबरोबर आहेत’ याहून दुसरें औषध नाहीं.

शाळेच्या प्रगतिपुस्तकांतहि हा विचार उतरला होता. एकूण गुणांचे तीन भाग केले होते: एक भाग बुद्धीचा, एक शरीराचा, आणि एक शीलाचा. केवळ पाठांतराच्या बळावर पहिला नंबर मिळविणें अशक्य होतें. शाळेच्या चिन्हावर वल्हीं होतीं, आणि सर्व गोष्टींत पुरुषासारखें वागा, अशा अर्थाचें ब्रीदवाक्य होतें. १९२० सालीं बिस्कोंनीं आपल्या प्रयोगाविषयीं काश्मीरांतील शीलसंवर्धन या विषयावर एक पुस्तक लिहिलें. हा प्रयोग सर्वांना मान्य झाला असें मात्र नव्हे.

विरोधाचीं कारणें खरीं होतीं. शाळा मिशनची, बायबल शिकविलें जाई, आणि चालक गृहस्थ धर्माचारांची थट्टा करण्यास मागेंपुढें पहात नसत. प्रत्यक्ष धर्मांतरें फार थोडीं झालीं, तरी पालकांच्या मनांत धास्ती होती. १९०५ सालीं श्रीमती ॲनी बेझंट यांच्या पुढाकारानें श्रीनगरांत हिंदु विद्यालय निघालें, तेव्हां मिशनच्या शाळेंतील मुलें मोठ्या संख्येनें तिकडे गेलीं. याच विद्यालयाच्या परंपरेंतून पुढें श्रीप्रताप कॉलेज उभें राहिलें. त्या पालकांचा निर्णय साहसाविरुद्ध होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. मुलाला धीट करावयाचें तर त्याला आधीं स्वतःच्या घराची लाज वाटावयास लावली पाहिजे काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो योग्य होता. बिस्कोंना या आघाताची मोठी झळ लागली. शाळा बंद पडली नाहीं, याचें श्रेय जे काश्मीरी शिक्षक तिला चिकटून राहिले त्यांना दिलें पाहिजे. आपल्या माणसांवर प्रेम ठेवून त्यांची भीति मात्र घालवितां येते, हें साहेबांपेक्षां त्यांनींच अधिक चांगल्या रीतीनें सिद्ध केलें.

हा विचार श्रीनगरापुरता किंवा एका मिशनऱ्यापुरता नव्हता, हें दाखविणारें दुसरें उदाहरण अगदीं निराळ्या परिस्थितींतून मिळतें. जर्मनींतील सालेम येथें १९२० मध्यें शाळा काढणारे कुर्ट हान हे शिक्षक हिटलरला उघड विरोध केल्यामुळें १९३३ त कैदेंत पडले, आणि सुटल्यावर ब्रिटनमध्यें गेले. १९३४ मध्यें त्यांनीं स्कॉटलंडांत गॉर्डनस्टन येथें नवी शाळा काढली. दुसऱ्या महायुद्धांत व्यापारी जहाजें पाणतीर लागून बुडत, तेव्हां लहान नावांत उतरलेल्या खलाशांपैकीं दणकट तरुण आधीं धीर सोडतात आणि शिडाच्या जहाजांवर मुरलेले वयस्क तग धरतात, असें अनुभवास येऊं लागलें. म्हणून १९४१ त जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्यानें हान यांनीं वेल्समधील ॲबरडव्ही येथें तरुणांसाठीं महिन्याभराचें शिक्षण सुरू केलें. त्याच काळांत जर्मनींतील नाझी सत्ता लक्षावधि मुलांना कणखर आणि बेडर बनवीत होती. त्या मुलांनाहि डोंगर चढविले जात, थंडींत चालविलें जात. दोन्हीकडे धोका होता. भेद हेतूचा होता. एकीकडे मुलाला दुसऱ्याचा जीव घेण्यासाठीं निर्भय करीत, दुसरीकडे दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं. समुद्रकिनाऱ्यावरील पहारा, आग विझविणें, डोंगरांत हरवलेल्यांना शोधणें, हीं कामें हान यांच्या शाळेनें मुलांवर सोंपविलीं होतीं. श्रीनगरच्या नावा आणि स्कॉटलंडच्या नावा यांच्यांत हें नातें आहे. हान यांच्याच प्रेरणेनें निघालेल्या महाविद्यालयांच्या मालिकेंतील एक १९९७ पासून पुण्याजवळ पौड भागांत चालूं आहे.

शहरांतील सुशिक्षित घराला यांतून काय घेण्यासारखें आहे? नदी प्रत्येकाच्या दारांत नसते, आणि काठीनें मुलांना मैदानावर हांकण्याचा काळ गेला हें चांगलेंच झालें. परंतु शहरांतील घरांत वेगळ्या प्रकारची कांगडी पेटलेली असते. मुलाला एकट्यानें रस्ता ओलांडूं द्यावयाचा नाहीं, सुरी हातांत द्यावयाची नाहीं, गणित चुकण्यापूर्वींच सुधारून द्यावयाचें, वक्तृत्वसभेंत विसरला तर हंसतील म्हणून त्याला उभेंच करावयाचें नाहीं, ही सर्व त्या निखाऱ्यांची ऊब होय. ती प्रेमापोटीं दिली जाते, यांत शंका नाहीं. पण तिला कवटाळून बसलेला मुलगा धांवूं शकत नाहीं.

उलट, मुलाला धीट करावयाचें म्हणून त्याला एकदम धारेंत ढकलणारे, रडला तर ‘भित्रा’ म्हणून हिणविणारे वडीलहि असतात. ते फुटबॉलच्या दिवशींची काठी हातांत घेतात. श्रीनगरच्या अनुभवावरून या दोहोंमधली वाट स्पष्ट दिसते. मुलापुढें ठेवलेला धोका त्याच्या बळापेक्षां किंचितच मोठा असावा. पाण्याची खोली वडील माणसानें आधीं पाहिलेली असावी, आणि तो स्वतः पाण्यांत उतरलेला असावा. अपयश आलें तर तें चव्हाट्यावर मांडूं नये. चार मुलें मिळून करतील असें काम असावें. आणि शक्य तेथें त्या कामाचा उपयोग दुसऱ्या कोणाला तरी व्हावा: शेजारच्या आजारी बाईंचें औषध आणणें, पोहावयास शिकलेल्या मोठ्यानें धाकट्याला शिकविणें, सभेंत बोलतांना अडलेल्या सोबत्याला धीर देणें. एवढ्यानें मुलाला धोक्याची ओळख होते आणि धोक्याचें वेड लागत नाहीं.

बिस्को १९४७ मध्यें काश्मीर सोडून आफ्रिकेंत गेले आणि १९४९ मध्यें ऱ्होडेशियांत त्यांचा अंत झाला. शाळा त्यांच्या मागें राहिली, आणि श्रीनगरांत ती आजहि चालूं आहे. त्यांचीं मतें आज कोणी जशींच्या तशीं स्वीकारणार नाहीं, आणि स्वीकारूंहि नयेत. परंतु कालव्यावर धुवून आणलेला तो रडवेला मुलगा त्यानंतर पुन्हा मैदानावर परतला, आणि खेळ पुढें चालला. त्या दिवशीं त्याला परत आणणारे हात त्याच्या सोबत्यांचे आणि त्याच्या मास्तरांचे होते. शाळेनें मुलाला द्यावयाचें तें हेंच आहे: पडल्यावर धुवून काढणारे हात, आणि परत जाण्यासाठीं राखून ठेवलेली खेळांतली जागा.